बुद्धचरित्राचे दोन वाचक



आयुष्य बदलणाऱ्या पुस्तकांची यादी आज मी देणार नाही. मला दोन वाचकांबद्दल बोलायचं आहे. दोघांनी तरुणपणी बुद्धाचं चरित्र वाचलं, मराठीतून वाचलं, आणि तेही दहाएक वर्षांच्या अंतरानं.

पहिले धर्मानंद कोसंबी, गोव्यातल्या सांखवाळचे. प्रकृतीमुळे शाळा अर्धवट सुटलेली, घरची नारळाची बागायत सांभाळायची. १८९७ साली त्यांनी ‘बालबोध’ या मुलांच्या मासिकात बुद्धावरचा एक छोटा लेख वाचला. मुलांसाठी लिहिलेली थोडकी पानं! पण १८९९ संपता संपता त्यांनी घर सोडलं, आणि पुणं, काशी, नेपाळ करत १९०२ मध्ये श्रीलंका गाठून पाली शिकायला बसले. मागे पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी होती. वाचणाऱ्याचं आयुष्य बदलतं तेव्हा त्याची किंमत पुष्कळदा न वाचणाऱ्यालाही मोजावी लागते. कोसंबींचं चरित्र सांगताना हे गाळू नये असं मला वाटतं.

दुसरे भीमराव आंबेडकर. १९०७ साली ते मॅट्रिक झाले. त्यांच्या समाजातला या पायरीला पोचलेला पहिला मुलगा म्हणून लोकांना त्याचा जाहीर सत्कार करायचा होता. वडील रामजी तयार होईनात. नुसती परीक्षा तर पास झालाय, सत्कारानं पोरगं शेफारेल, असं त्यांचं म्हणणं. अखेर कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी मन वळवलं आणि सभा झाली. केळुसकर विल्सन हायस्कूलमध्ये शिक्षक होते, चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या या मुलाला ते ओळखत होते. त्या सभेत त्यांनी स्वतः लिहिलेलं, १८९८ साली प्रसिद्ध झालेलं बुद्धचरित्र भीमरावांना भेट दिलं.

त्या घरात वाचनाची सवय आधीपासून होती. रामजी कबीरपंथी. रात्री मुलांकडून रामायण-महाभारत मोठ्यानं वाचून घेत. केळुसकरांचं पुस्तक वाचून झाल्यावर मुलानं वडिलांना विचारलं, हे बुद्धाचं वाङ्मय तुम्ही आम्हाला का दाखवलं नाही? रामायण-महाभारतच का? वडिलांचं उत्तर हळवं करणारं आहे. आपण अस्पृश्य, तुमच्या मनात न्यूनगंड येईल, तो जावा म्हणून. कर्ण बघा, वाल्मीकी बघा, कुठून कुठे पोचले. मुलाला ते पटलं नाही. भीष्म-द्रोणांची वागणूक त्याला आधीपासूनच खटकत होती. १९५६ साली लिहिलेल्या एका प्रस्तावनेत बाबासाहेबांनी हे सगळं नोंदवलं आहे, आणि आपण बुद्धाकडे रिकाम्या मनानं गेलो नव्हतो, असंही तिथे आवर्जून म्हटलं आहे.

हे मला फार मोलाचं वाटतं. पुस्तकानं जादू केली, असं आपण सहज म्हणतो. पण भीमरावांच्या मनात भांडण आधीच चालू होतं, पुस्तकानं त्याला नवी बाजू दिली. आणि निकाल यायला किती काळ लागला? महाडचा सत्याग्रह १९२७ चा, येवल्याची धर्मांतराची घोषणा १९३५ ची, आणि नागपूरची धम्मदीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची. सत्कारात मिळालेल्या पुस्तकापासून तिथवर जवळजवळ पन्नास वर्षं गेली. कोसंबी दोन-तीन वर्षांत घराबाहेर पडले. बाबासाहेबांनी अर्थशास्त्र, कायदा, राजकारण यांतून जात, ताडून पाहत पाहत निर्णय घेतला.

या दोघांच्या मागे बडोद्याचे सयाजीराव महाराजही उभे आहेत. केळुसकरांचं पुस्तक बडोद्याच्या ग्रंथमालेसाठी लिहिलेलं. केळुसकरांच्याच शब्दावरून आंबेडकरांना दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. कोसंबींना दरमहा ५० रुपये मिळाले ते महाराष्ट्रात राहून पुस्तकं लिहावीत या अटीवर. पुस्तक योग्य हातात पडावं म्हणून कुणीतरी आधी बरंच करून ठेवलेलं असतं.

आणि आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगतो. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थानं घर सोडलं, ही कथा आपण सारे लहानपणापासून ऐकतो. पुढे या दोघांनीही तीच नाकारली. कोसंबींनी जुनी सुत्तं तपासून ‘भगवान बुद्ध’मध्ये ती बाजूला ठेवली, आणि शाक्य आणि कोलिय या शेजारच्या कुळांमधल्या, रोहिणी नदीच्या पाण्याच्या तंट्यावर ‘बोधिसत्त्व’ हे नाटक लिहिलं. बाबासाहेबांनीही ‘द बुद्ध अँड हिज धम्म’च्या आरंभीच विचारलं की एकोणतीस वर्षांच्या माणसानं तोवर म्हातारपण पाहिलंच नव्हतं, हे कसं मानायचं? त्यांनीही गृहत्यागाचं कारण रोहिणीच्या तंट्यात शोधलं. ज्या चरित्रानं त्यांना घडवलं, तेच त्यांनी दुरुस्त करून पुढच्यांच्या हाती दिलं. बुद्धावर त्यांची निष्ठा होती म्हणूनच ती कथा तपासल्याशिवाय त्यांना राहवलं नाही.

बाबासाहेबांचा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर, १९५७ साली निघाला. त्याच्या मराठी अनुवादाचं वाचन दरवर्षी वर्षावासात, आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, गावोगावच्या विहारांत चालतं. एकजण वाचतो, बाकीचे ऐकतात, शंका निघाली की त्यावर बोलणं होतं. आपल्यापैकी ज्यांनी हे कधी ऐकलेलं नाही त्यांनी यंदा आपल्या जवळच्या विहारात जाऊन बसावं, आणि आपली शंका तिथे मोकळेपणानं विचारावी.