औंधच्या डोंगरावर ६ जानेवारी



नाताळचा तारा कधी उतरवायचा, हे आमच्या घरी ठरलेलं असे. ६ जानेवारीला, दिवेलागणीनंतर. बांबूच्या कामट्या आणि रंगीत कागद यांचा तो तारा माझी आई स्वतः बांधायची. त्या संध्याकाळी ती मत्तयाच्या शुभवर्तमानातला दुसरा अध्याय, ताऱ्यामागून बाळ येशूला भेटायला आलेल्या मागी लोकांचा, आम्हाला वाचून दाखवायची आणि मग तारा हलक्या हातानं खाली घ्यायची. कागद कुठं फाटू न देता तो पलंगाखालच्या ट्रंकेत जायचा. ती म्हणायची, "मागी लोक पोचले. ताऱ्याचं काम झालं."

हा दिवस प्रकटीकरणाचा सण. नाताळ सगळ्यांना माहीत असतो, पण हा सण आमच्या मंडळींतही अनेकांच्या लक्षात राहत नाही. कॅथलिक बांधव त्याला तीन राजांचा सण म्हणतात. पूर्वेकडच्या प्राचीन मंडळ्यांत त्याचा मान फार मोठा, आणि तिथं या दिवशी येशूच्या बाप्तिस्म्याची आठवण करतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ साधा आहे, दिसू लागणं. लपलेलं होतं ते दिसू लागलं.

मराठीत आपण 'देवाचं दर्शन घेतलं' असंही म्हणतो आणि 'देवानं दर्शन दिलं' असंही म्हणतो. दोन्ही बोलण्यांत मला खोल अर्थ वाटतो. चालत जायचं, डोंगर चढायचा, रांगेत उभं राहायचं, हे आपल्या हातात असतं. पुढचं आपल्या हातात नसतं. मागी लोकांच्या गोष्टीत हे दोन्ही आहे. त्यांनी वाट तुडवली आणि तारा त्यांना दिला गेला.

या गोष्टीभोवती आपण पुष्कळ काही गुंडाळून ठेवलं आहे. मत्तय ते तीन होते असं म्हणत नाही. देणग्या तीन होत्या, सोनं, ऊद आणि गंधरस, म्हणून माणसंही तीन झाली. ते राजे होते असंही तो म्हणत नाही. ते पूर्वेकडचे होते, आकाश वाचणारे होते, परक्या धर्माचे होते, एवढंच. आणि ते गोठ्यात गेले असंही तो म्हणत नाही. ते एका घरात गेले. आत एक मूल होतं आणि त्या मुलाजवळ त्याची आई होती. बाकी काही नाही. मुलाच्या डोक्याभोवती तेजाचं वलय नव्हतं, देवदूत गात नव्हते. इतक्या लांबून येऊन त्यांनी पाहिलं ते हेच, आणि ते पाहून त्यांनी दंडवत घातला.

याच अध्यायात आणखी काही माणसं आहेत. हेरोद राजानं यरुशलेमातल्या याजकांना आणि शास्त्र्यांना बोलावून विचारलं, ख्रिस्त कुठं जन्मायचा? त्यांनी तत्काळ उत्तर दिलं, बेथलेहेमात. उत्तर बरोबर होतं, ग्रंथाचा आधार बरोबर होता. यरुशलेमपासून बेथलेहेम आठ-नऊ किलोमीटर. पण त्यांच्यातला एकही जण उठून गेला नाही.

माझी आई गेली त्या वर्षी मी त्या शास्त्र्यांमध्ये बसले होते. शाळेत शिकवत होते, रविवारी मुलांचा बायबलचा वर्ग घेत होते. विचारलं तर अध्याय आणि ओवी सांगता येत होती. पण प्रार्थनेला बसलं की आत काहीच हलत नसे. नोव्हेंबरात आई गेली, आणि डिसेंबरात मी तारा बांधला नाही. ट्रंक उघडलीच नाही.

जानेवारीत आमच्या शाळेची सहल औंधला निघाली. मुलांच्या मोजणीत, डब्यांच्या गडबडीत तारखेकडे माझं लक्षही नव्हतं. रहिमतपूर मागं पडल्यावर पहिल्या बाकावरच्या मुलीनं वहीत तारीख लिहिताना मोठ्यानं म्हटलं, आज ६ जानेवारी.

औंध आज सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यात आहे. संस्थान होतं तेव्हा त्याचे तुकडे विखुरलेले होते. औंध इकडे, तर आटपाडी आणि कुंडल आजच्या सांगली जिल्ह्यात. मूळपीठाच्या डोंगरावर यमाईचं देऊळ, आणि त्याच डोंगराच्या उतारावर श्री भवानी संग्रहालय. 'ये माई' अशी हाक कुणी मारली आणि त्यावरून देवीला नाव मिळालं, असं तिथं सांगतात. पौषात देवीची यात्रा भरते. त्या वर्षीही यात्रेचे दिवस जवळ आले होते, आणि पायऱ्यांवर माणसांचा ओघ होता.

हे संग्रहालय उभारलं बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी. भवानराव हे त्यांचं नाव. १८६८ साली जन्मले, १९०९ साली गादीवर आले. सूर्यनमस्कारांचा त्यांनी ध्यास घेतला होता हे जुन्या श्रोत्यांना ठाऊक असेल. ते स्वतः चित्रं काढत आणि कीर्तनही करत. पुण्याच्या भांडारकर संस्थेला महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढायला त्यांनी मोठं साहाय्य केलं. पण मला त्यांची वेगळीच गोष्ट सांगायची आहे. १९३८च्या अखेरीस या राजानं आपली सत्ता प्रजेला द्यायचं ठरवलं. चिरंजीव आप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन यांच्यासह सल्लामसलत सेवाग्रामपर्यंत गेली. गांधीजींनी राज्यघटनेच्या मसुद्याला हात लावला, आणि जानेवारी १९३९मध्ये औंधच्या ग्रामपंचायतींच्या हाती कारभार आला. कुणी मागायला दारात सैन्य घेऊन उभं नव्हतं. राजानं आपण होऊन मुकुट खाली ठेवला.

हा मुकुट मला पुन्हा या सणाकडं आणतो. गोव्यात काणसावलीच्या बाजूला ६ जानेवारीला तीन मुलगे राजांचा वेश करून, डोक्यावर मुकुट घालून, घोड्यांवर बसून डोंगरावरच्या मातेच्या चॅपेलकडे जातात. बार्देशात १५५५ सालचं रेईश मागूश चर्च याच राजांच्या नावाचं. काणसावलीचं ते फेस्त, म्हणजे सण, मी पाहिलं आहे. घोड्यांवरचे ते पोरसवदा राजे पाहताना आता मला दरवेळी औंधचा राजा आठवतो. त्याचाही डोंगर होता, आणि डोंगरावर आई होती.

औंधच्या राजाच्या सल्लामसलतीत होते त्या मॉरिस फ्रीडमन यांच्याविषयी थोडं बोलल्यावाचून मला पुढं जाववत नाही. वॉर्सातला ज्यू कुटुंबातला हा विजेचा इंजिनिअर. कामानिमित्त बंगळूरला आला, आणि मनातल्या शोधानं त्याला पुढं ओढत नेलं. त्यानं भगवी वस्त्रं घेतली, भारतानंद झाला, गांधीजींसाठी धनुष तकली तयार केली. औंधात खेड्याखेड्यांतून फिरला. आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला कैद्यांची भिंती नसलेली वसाहत उभी राहिली, तिच्यामागंही त्याची कल्पना होती. 'दो आँखें बारह हाथ' हा शांतारामबापूंचा १९५७चा चित्रपट तिच्यावरूनच सुचलेला. आणि उतारवयात हाच माणूस मुंबईत खेतवाडीच्या एका माडीवर जाऊन बसायचा. तिथं विड्यांचं दुकान चालवलेले निसर्गदत्त महाराज मराठीत बोलत, आणि फ्रीडमन ते बोलणं इंग्रजीत उतरवत. त्यातून १९७३ साली ग्रंथ निघाला आणि जगभर गेला. मागी लोक पूर्वेकडून पश्चिमेला गेले होते, हा पश्चिमेकडून पूर्वेला आला. शेवटी पोचला कुठं, तर एका साध्या घरात.

आमच्याच भाषेतला असा वाटसरू म्हणजे नारायण वामन टिळक. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावकडे जाताना रेल्वेच्या डब्यात एका अनोळखी युरोपियनानं त्यांना नवा करार दिला. ते वाचत गेले, डोंगरावरच्या प्रवचनापाशी थबकले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घर तुटलं, पत्नी लक्ष्मीबाई दूर राहिल्या, हे सगळं त्यांनी सोसलं. पण त्यांचा शोध तिथं संपला नाही. १९१७ साली मिशनचं काम सोडून ते साताऱ्यात आले आणि 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्तावर प्रीती करणाऱ्या प्रत्येकाला तिथं जागा होती. बाप्तिस्म्याला बावीस वर्षं झाल्यावर ते पुन्हा वाटेला लागले, ही गोष्ट मला त्यांच्या बाप्तिस्म्याइतकीच मोठी वाटते.

तर त्या दिवशी मी मुलांना घेऊन संग्रहालयात शिरले. राजा रविवर्म्याच्या चित्रांपाशी मुलं रेंगाळली. मी पुढं गेले आणि एका दगडी शिल्पापाशी थांबले. 'आई आणि मूल'. शिल्पकार हेन्री मूर. इंग्लंडातल्या यॉर्कशायरमधल्या कोळसा खाणकामगाराचा मुलगा, विसाव्या शतकातला फार मोठा शिल्पकार. त्याचं काम खटाव तालुक्यातल्या एका डोंगरावर आहे, याचं मला आजही नवल वाटतं.

मूरनं आयुष्यभर आई आणि मूल हा विषय सोडला नाही. १९४३-४४ साली नॉर्दॅम्प्टनच्या एका चर्चसाठी त्यानं मरिया आणि बाळ येशू घडवले. ते चर्च संत मत्तयाच्या नावाचं आहे, ज्याच्या लेखणीतून मागी लोकांची गोष्ट आपल्यापर्यंत आली त्याच मत्तयाच्या. ते काम हाती घेताना मूरला प्रश्न पडला होता, की नेहमीची आई आणि मूल यांच्यात आणि पवित्र माता आणि बालकात फरक काय करायचा? पवित्र मूर्तीत काही गांभीर्य, काही भव्यता जास्त हवी, असं त्याला वाटलं.

औंधचं शिल्प तसल्या कुठल्या चर्चसाठी केलेलं नाही. तिथं फक्त आई आहे आणि फक्त मूल आहे.

मी बघत होते आणि मला काहीही होत नव्हतं, हे मला खरंच सांगायला हवं. दगड चांगला घडवलेला आहे एवढंच मनात आलं. तेवढ्यात माझ्या शेजारी एक बाई येऊन उभी राहिली. देवीचं दर्शन घेऊन खाली उतरलेली, कपाळावर मळवट, कडेवर वर्षाचं पोर. चढउतारानं तिला दम लागला होता. तिनं शिल्पाकडं निरखून पाहिलं आणि मला विचारलं,

"बाई, ही आपली यमाई का ओ?"

मी म्हटलं, "नाही हो. एका इंग्रज शिल्पकारानं केलंय. कुठलीही आई आहे ती."

"आई हाय न्हवं?" ती म्हणाली. "मग त्येच की."

तिनं शिल्पाला हात जोडले. हात जोडताना मूल कडेवरून घसरू लागलं, तसं तिनं एका हातानं त्याला वर ओढून घेतलं आणि उरलेला एकच हात कपाळाला लावला. मग ती गेली.

श्रोतेहो, पुढचं मला नीट सांगता येईल की नाही ठाऊक नाही. प्रकाश पडला नाही, आवाज आला नाही. त्या बाईनं मूल वर ओढून घेतलं तो हात मला दिसला, आणि त्यात माझ्या आईचा हात दिसला. आजारपणात तिची शेवटची शक्ती गेली, तरी मी उशाशी बसले की ती माझा पदर सारखा करायची, तो हात. आणि त्याच क्षणी दुसरा अध्याय, जो मी शंभरदा वाचला होता, माझ्यासमोर उघडा झाला. मागी लोकांना त्या घरात काय दिसलं असेल? हेच दिसलं असेल. मूल घसरतंय आणि आई त्याला वर घेतेय. ज्यानं आकाशाची मांडणी केली तो स्वतःला एका बाईच्या हातावर तोलून देतोय. जो सगळ्यांना धरून आहे त्याला कुणीतरी धरायला लागतंय, आणि ते त्यानं स्वतः होऊन पत्करलं आहे.

नोव्हेंबरपासून मी त्याच्यावर रागावले होते, की तू दूर आहेस. तो दूर नव्हता. आईच्या त्या हातात तो शेवटच्या दिवसापर्यंत होता, आणि मी तो हात धरूनच बसले होते.

मी तिथंच डोळे मिटून उभी राहिले. किती महिन्यांनी प्रार्थना केली. शब्द आमच्या उपासनेतले नव्हते. तोंडून आलं ते डोंगरावरच्या त्या हाकेसारखंच काहीतरी होतं. 'ये' एवढंच.

मला याबद्दल आमच्यातल्या काही जाणत्या माणसांनी नंतर विचारलं, की देवीच्या डोंगरावर, परधर्मी बाईच्या बोलण्यातून तुला ख्रिस्त दिसला, हे बरोबर आहे का? मी त्यांना तोच अध्याय दाखवते. ज्यांना तारा दिसला ते परधर्मीच होते. या सणाचा अर्थच तो आहे. घरातल्यांनी ग्रंथ उघडून बरोबर पत्ता सांगितला, आणि पोचले बाहेरचे. त्या बाईच्या श्रद्धेवर मी माझं नाव लिहीत नाही. तिची यमाई तिची आहे. पण मला वाट तिनं दाखवली, आणि हे ऋण मी लपवणार नाही.

परतताना यात्रेच्या गर्दीमुळं आमची गाडी आलेल्या रस्त्यानं सोडेनात. पुसेसावळीकडून वळसा घालून जायचं ठरलं. मुलं दमून झोपली होती. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती, आणि सूर्य कलला होता. मत्तय म्हणतो, मागी लोक दुसऱ्या वाटेनं आपल्या देशी परत गेले. हे वाक्य मला लहानपणापासून नुसतं हेरोदाला चुकवण्यापुरतं वाटत आलं होतं. त्या दिवशी खिडकीतून ती अनोळखी गावं बघताना ते मी पुन्हा पुन्हा मनात म्हणत होते.

घरी पोचायला रात्र झाली. मी पलंगाखालची ट्रंक ओढून काढली. तारा वर्षभरात थोडा चेपला होता, एका टोकाचा कागद सुटला होता. तो खळीनं चिकटवला. आत दिवा सोडून तारा दारावर टांगला. शेजारच्या काकू बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "अहो बाई, नाताळ तर केव्हाच झाला की. लोक आता तारे उतरवतात."

मी म्हटलं, "हो काकू. आमच्याकडं आज लागलाय."