माझ्याच शिवारात मी परदेशी



संयोजकांनी मला विषय दिला, 'परदेशात सुट्टीचं घर'. मी अमेरिकेत राहतो, तेव्हा फ्लोरिडाच्या समुद्रकिनाऱ्याबद्दल बोलेन असं त्यांना वाटलं असावं. पण तिकडचा पासपोर्ट घेतल्यापासून माझ्यासाठी कायद्यानं परदेश म्हणजे भारत. आणि सुट्टीचं घर मला हवं होतं ते यावल तालुक्यातल्या आमच्या गावी. आपल्या वर्गात परदेशी आडनावाचा एक जण होता, आठवतो ना? तो जळगावातच राहिला, परदेशी झालो तो मी!

भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. तिकडचं घेतलं की इकडचं जातं, हाती राहतं ते ओसीआय कार्ड. त्यावर फ्लॅट, बंगला, दुकान घेता येतं, रिझर्व्ह बँकेची वेगळी परवानगी लागत नाही. मात्र शेतजमीन, मळे आणि फार्महाऊस घेता येत नाही. विकत नाही, बक्षीसपत्रानंही नाही. भारतीय पासपोर्ट ठेवून दुबईला स्थायिक झालेल्यांनाही हाच नियम आहे, हे पुष्कळांना माहीत नसतं.

वारसा मात्र चालतो. वडील गेल्यावर वारस नोंद झाली, सातबाऱ्यावर माझं नाव लागलं. त्या केळीच्या बागेचा मी रीतसर मालक. पण बांधाला लागून असलेले चुलतभावाचे 2 एकर विकायला निघाले, तेव्हा त्यातला एक गुंठाही मला घेता येईना. त्याच तुकड्यात आजोबांनी खोदलेली विहीर आहे. आम्ही सगळी भावंडं तिच्यातच पोहायला शिकलो.

एका दलालानं तोडगा काढला. पैसे तुमचे, नाव भाच्याचं. भाचा गुणी आहे, त्याच्याबद्दल शंका नाही. पण कायद्यात याला बेनामी व्यवहार म्हणतात. 2016 च्या दुरुस्तीनंतर त्याला 1 ते 7 वर्षं सक्तमजुरी, बाजारभावाच्या 25 टक्क्यांपर्यंत दंड, आणि मालमत्ता सरकारजमा. भाच्याला मी अमेरिकेहून चॉकलेटं आणतो, तुरुंगवास कशाला आणू? मी नाही म्हटलं. जमीन शेजारच्या गावच्या एका शेतकऱ्यानं घेतली. भला माणूस आहे, विहिरीवर येऊ देतो. तरी तिथं उभं राहिलं की घशात काहीतरी अडकतं.

कायद्यावर मी चिडत नाही. डॉलरवाले आम्ही सगळे बोली लावायला उतरलो असतो, तर तापीकाठच्या शेतकऱ्याला बांधाशेजारचं शेत परवडलं असतं का? नसतंच. कायदा बरोबर आहे, आणि मला वाईट वाटतं. दोन्ही खरं.

मग घराचं काय? सौ.चं माहेर धुळ्याचं. तिचा आग्रह देवपूरला एन.ए. प्लॉट घेण्याचा होता. तिची समजूत घालायला दोन सुट्ट्या गेल्या. शेवटी गावठाणातलं एक जुनं धाब्याचं घर मिळालं. गावठाण म्हणजे शेतजमीन नव्हे, त्यामुळे अडचण आली नाही. विकणाऱ्यानं ग्रामपंचायतीचा नमुना आठ पुढे केला. तो कर आकारणीचा उतारा, त्यानं मालकी सिद्ध होत नाही. आमच्या वकिलांनी जुनं खरेदीखत आणि सगळ्या वारसांच्या सह्या मिळेपर्यंत इसार देऊ दिला नाही. पैसे एनआरई खात्यातून दिले, कारण डॉलरच्या नोटा चालत नाहीत. मुखत्यारपत्र तिकडे वकिलातीत साक्षांकित केलं. ते भारतात पोहोचल्यापासून 3 महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं, ही मुदत लक्षात ठेवा. आणि इथल्या बँकेत पैसे ठेवणाऱ्या अमेरिकावाल्यांनो, परदेशी खात्यांमधली एकूण शिल्लक वर्षात कधीही 10,000 डॉलरच्या वर गेली, तर तिकडच्या सरकारला कळवावं लागतं.

वर्षातले अकरा महिने घर बंद असतं. धाब्याला पावसाळ्याआधी नवी माती लागते, तिथं उंदीर माझ्यापेक्षा जास्त दिवस राहतात. गुंतवणूक म्हणून विचाराल, तर जळगावचा फ्लॅट बरा. पण जानेवारीत अंगणात तुरकाठ्यांवर बामणोदची वांगी भाजली जातात, आणि माझ्या मुली शेजारच्या आजींकडून अहिराणी शिकतात.

आपल्यातल्या तिघा-चौघांचं असंच काही अडलंय, असं काल कळलं. कागद सोबत आणले असतील, तर जेवणानंतर त्या लिंबाखाली बसू.