वानखेडेवरचा एक दिवस

श्रोतेहो, आपल्यापैकी पुष्कळांनी वानखेडे स्टेडियम आधी कानांनी पाहिले आहे. ओट्यावर रेडिओ, भोवती दहाबारा माणसे, आणि बाळ ज. पंडितांच्या मराठी धावत्या वर्णनातून सीमेकडे पळणारा चेंडू! या वर्णनाची सवय इतकी जडलेली असते, की प्रत्यक्ष मैदानावर गेले म्हणजे पहिली पंचाईत तिथेच होते. तिथे कोणी काही सांगतच नाही.

१४ मार्च २०२४ रोजी आमच्या शाळेची नऊ मुले घेऊन मी तिथे गेलो होतो. रणजी करंडकाचा अंतिम सामना, मुंबई विरुद्ध विदर्भ, खेळाचा पाचवा दिवस. तुम्ही म्हणाल, गुरुजी, एवढ्या लांब न्यायचे तर एखादा मोठा आंतरराष्ट्रीय सामना तरी दाखवायचा! खरं सांगू? त्या तिकिटांचा हिशेब नऊने गुणून पाहिला आणि गप्प बसलो. इथे आम्हांला तिकीट लागले नाही. आणि गर्दी बेताची असल्यामुळे जे दिसले आणि ऐकू आले, ते तीस हजारांच्या गोंगाटात खचित हरवले असते.

ही वास्तूच मुळी बसायच्या जागांच्या भांडणातून उभी राहिली आहे. जवळच ब्रेबर्न स्टेडियम आहे, ते क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचे. तिथल्या सामन्यांच्या तिकिटांच्या वाटपावरून मुंबईच्या क्रिकेट संघटनेचे आणि क्लबाचे बिनसले. तेव्हा संघटनेचे अध्यक्ष बॅरिस्टर शेषराव वानखेडे यांनी चर्चगेट स्टेशनाशेजारी दुसरे स्टेडियमच बांधून घेतले, आणि १९७५ च्या जानेवारीत वेस्ट इंडीजविरुद्धची कसोटी तिथे झालीसुद्धा.

आम्ही चर्चगेटला उतरून चालतच गेलो. दारावर झडती होते. पाण्याच्या बाटल्या बाहेर ठेवाव्या लागल्या, तेव्हा मुलांना घरूनच दोन गोष्टी सांगून ठेवा. आत शिरण्यापूर्वी मी सगळ्यांना ज्या फाटकातून आलो ते नीट दाखवले आणि म्हणालो, "कोणी चुकला, तर शोधत हिंडायचं नाही. इथं येऊन उभं राहायचं."

विदर्भाला जिंकायला ५३८ धावा हव्या होत्या. आदल्या दिवशी ५ बाद २४८ झालेल्या. कप्तान अक्षय वाडकर आणि हर्ष दुबे खेळत होते, आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत एकही गडी पडला नाही. पण आमच्या मुलांचे लक्ष निराळ्याच गोष्टीवर. वेगवान गोलंदाज आला की यष्टिरक्षक केवढा लांब मागे उभा राहतो! रेडिओवर तो यष्टींना चिकटूनच असतो, असा त्यांचा समज. मग सहावीतला एक पोरगा म्हणाला, "गुरुजी, बॅट आधी फिरतीया आन् आवाज मागनं येतोय."

शिक्षक बंधुभगिनींनो, हे मात्र वर्गात जरूर सांगा. खेळपट्टीपासून आम्ही सुमारे शंभर मीटरांवर होतो. आवाज सेकंदाला ३४० मीटरांच्या आसपास जातो. म्हणजे आमच्यापर्यंत यायला त्याला सेकंदाचा जवळजवळ तिसरा हिस्सा लागला. रेडिओची लहर एवढ्या वेळात लाख किलोमीटर जाते. जुन्या थेट वर्णनात मायक्रोफोन यष्टींपाशी असेल, तर टोल्याचा टणत्कार तीनशे किलोमीटरांवरच्या ओट्यावर आधी पोहोचायचा आणि मैदानात बसलेल्याला नंतर! आता मोबाइलवर चित्र काही सेकंद मागून येते, ती गोष्ट वेगळी. मुले मग धावा सोडून आवाजच मोजीत बसली. मीही बसलो.

वाडकरने १०२ केल्या. तो बाद झाला आणि मागचे भराभर गेले; सारा डाव ३६८. मुंबई १६९ धावांनी जिंकली. शेवटचा गडी धवल कुलकर्णीने घेतला, तो त्याचा अखेरचा सामना. त्रिफळा उडाला तो उमेश यादवचा. नागपूरजवळच्या वलनीच्या कोळसा खाणीत राबणाऱ्या कामगाराचा हा मुलगा भारताकडून कसोटी खेळलेला. मुलांनी दोघांसाठीही टाळ्या वाजवल्या.

त्या टाळ्यांच्या भरातच माझी चूक झाली. उठताना डोकी मोजायची सोडून मी बाहेर पडल्यावर मोजली. आठच भरली. आवाजवाला पोरगा नाही! खेळाडूंची मोटार पाहायला तो दुसऱ्या बाजूला पळाला होता. मी दोन फाटके धुंडाळली, घसा कोरडा पडला. त्याच्या आईला काय सांगू, एवढेच मनात. मग सुचले, आणि सकाळच्या फाटकाकडे धावलो. पोरगा तिथे भिंतीला पाठ लावून, चपला हातात घेऊन उभा.

"रडलास काय रे?" मी विचारले.

"न्हाई," तो म्हणाला, "तुम्हीच उशिरा आलासा."

परतीच्या एस.टी.त तो माझ्या शेजारी बसला होता. त्याच्या आजोबांचा रेडिओ अजून चालू आहे. आवाज मागून येतो हे त्यांना कसे पटवायचे, याची तो साताऱ्यापर्यंत उजळणी करीत होता.