यांत्रिक संवादसेवा : मोजणी, मुक्काम आणि किल्ली



नगरपरिषदेच्या खिडकीपाशी उभा राहून नागरिक प्रश्न विचारतो, तेव्हा खिडकीमागे कोण बसले आहे ते त्याला दिसते. तोच प्रश्न त्याने भ्रमणध्वनीवरून 'चॅटबॉट'ला विचारला तर उत्तर तत्काळ मिळते. परंतु विचारताना लिहिलेले नाव, आजार किंवा कर्जाची थकबाकी आता कोणापाशी गेली, हे त्याला कळत नाही. ते ठाऊक असण्याची जबाबदारी ही सेवा विकत घेणाऱ्या संस्थेची आहे. म्हणून करारावर सही करण्यापूर्वी मोजणी कशी होते, माहितीचा मुक्काम कोठे असतो आणि किल्ली कोणाच्या हाती राहते, या गोष्टी नीट समजून घेणे अगत्याचे ठरते.

यंत्राशी संभाषण ही कल्पना जुनीच आहे. अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेत जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ साली 'एलायझा' ही संभाषण करणारी आज्ञावली प्रसिद्ध केली. ती ठरीव साच्यांतून उत्तरे देई. २०२२ च्या नोव्हेंबरात 'चॅटजीपीटी' सर्वांसाठी खुले झाले आणि या क्षेत्राचे रूपच पालटले. मात्र आजच्या मोठ्या भाषा-प्रतिमानांना लागणारी संगणकशक्ती सामान्य संस्थेच्या आवाक्याबाहेरची असते. म्हणून ती भाड्याने घ्यावी लागते. हेच 'क्लाउड' होय. संस्थेच्या संगणकाने तेथे प्रश्न पाठवावा आणि उत्तर घेऊन यावे, यासाठी जे दार ठेवलेले असते, त्याला 'एपीआय' म्हणतात.

प्रथम मोजणी. वापराप्रमाणे आकारणीच्या योजनेत दर शब्दावर नसतो, तो 'टोकन' या शब्दखंडावर असतो. आणि येथे मराठी माणसाने सावध असावे. संगणकाच्या युनिकोड साठवणुकीत, तिच्या सर्वत्र रूढ असलेल्या यूटीएफ-८ या पद्धतीत, इंग्रजी अक्षराला १ बाइट लागतो, तर देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला ३. इंग्रजीतील 'वॉटर' ५ बाइटांत मावतो. आपल्या 'पाणी'ला, काना-वेलांटी धरून, १२ लागतात. टोकन म्हणजे बाइट नव्हे. तरीही या कारणाने आणि मराठी मजकुराच्या तुटवड्यामुळे मराठी वाक्याचे तुकडे अधिक पडतात. नव्या प्रतिमानांत ही तफावत कमी झाली आहे, मिटलेली नाही. इंग्रजी नमुन्यावरून बांधलेले अंदाजपत्रक मराठी सेवेला पुरेलच असे नाही.

आणखी एक खर्च सहसा ध्यानात येत नाही. प्रतिमानाला स्वतःची स्मृती नसते. संभाषण पुढे न्यायचे तर मागील सर्व प्रश्नोत्तरे प्रत्येक वेळी त्याच्यापुढे पुन्हा ठेवावी लागतात. दहावा प्रश्न म्हणूनच पहिल्याहून महाग पडतो. शिवाय दर मिनिटाला किती मागण्या स्वीकाराव्यात, याला योजनेनुसार मर्यादा असते. ती ओलांडली की '४२९' हा संकेत परत येतो. बारावीच्या निकालाच्या दुपारी असे घडले, तर विद्यार्थ्याला उत्तराऐवजी मौनच मिळेल. ज्यांची गर्दी ठरावीक दिवशी उसळते, त्यांच्यासाठी राखीव क्षमतेची योजना असते. ती महाग असली तरी विचारात घ्यावी. मोफत योजना चाचणीपुरती ठीक. काही कंपन्यांच्या मोफत योजनेच्या अटींत ग्राहकाचा मजकूर सेवा सुधारण्यासाठी वापरण्याची मुभा कंपनीने ठेवलेली असते. नागरिकांचे अर्ज तेथे घालणे योग्य नव्हे.

आता मुक्काम. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुणे, चेन्नई व मुंबई येथे आपली क्लाउड-केंद्रे सुरू केली. ॲमेझॉनचे मुंबई क्षेत्र २०१६ मध्ये व हैदराबादचे २०२२ मध्ये सुरू झाले. गूगलने २०१७ मध्ये मुंबई व २०२१ मध्ये दिल्ली क्षेत्र उघडले. तेव्हा जवळ केंद्र नाही, ही सबब उरलेली नाही. अंतराचा बाऊ मात्र फार करू नये. मुंबईपासून अमेरिकेतील व्हर्जिनियापर्यंत सुमारे १३ हजार किलोमीटर. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. जाऊन येण्यास सेकंदाचा आठवा भाग, प्रत्यक्षात थोडा अधिक. उत्तर तयार होण्यासच काही सेकंद लागतात, तेथे एवढा विलंब कोणास जाणवणार?

खरा प्रश्न ताब्याचा आहे. येथे एक बारकावा आहे. मायक्रोसॉफ्टच्या 'ग्लोबल' प्रकारच्या व्यवस्थेत माहिती साठते ती निवडलेल्या भूभागात, परंतु प्रश्नावरील प्रक्रिया जगातील कोणत्याही केंद्रात होऊ शकते. 'पुणे' निवडले म्हणजे सर्व काही पुण्यातच झाले, असे नव्हे. साठवण व प्रक्रिया यांची चौकशी वेगवेगळी करावी लागते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाने माहिती देशाबाहेर नेण्यास सरसकट मनाई केलेली नाही. केंद्र शासन ठरावीक देशांबाबत निर्बंध घालू शकते. मात्र काम दुसऱ्या कंपनीकडे सोपवले तरी उत्तरदायित्व मूळ संस्थेचेच राहते, असे हा अधिनियम सांगतो. वाजवी सुरक्षेत कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे.

उरली किल्ली. सेवेचे दार उघडण्यासाठी संस्थेला अक्षरे व अंक यांची एक लांबलचक मालिका मिळते. ती प्रत्येक मागणीसोबत पाठवावी लागते. चुकली तर '४०१' हा नकार येतो. ही मालिका ज्याच्या हाती, त्याला ती सेवा संस्थेचाच प्रतिनिधी समजते. नेहमीची चूक अशी की घाईत ती संकेतस्थळाच्या पानातच लिहिली जाते. ते पान वाचकाच्या यंत्रावर उतरते, म्हणजे किल्लीही उतरते. मग देयक संस्थेचे आणि वापर भलत्याचाच. किल्ली संस्थेच्या स्वतःच्या सर्व्हरवर असावी आणि नागरिकाचा प्रश्न तेथूनच पुढे जावा. काही सेवा एकाच वेळी दोन किल्ल्या देतात, त्या यासाठीच, की एकीवर काम चालू ठेवून दुसरी बदलता यावी. कंत्राटदार काम सोडून गेला की त्याच दिवशी किल्ली बदलावी. याहून बरी पद्धत थोड्या वेळाने आपोआप रद्द होणाऱ्या परवान्यांची, 'ओऑथ २.०' हे तिचे मानक २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. चोरी झालीच, तर २०२२ च्या 'सर्ट-इन'च्या निर्देशांनुसार अशा घटनेची खबर ६ तासांच्या आत द्यावी लागते आणि संगणकीय नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्या लागतात.

एवढे करूनही एक दार उघडे राहू शकते. किल्ली संस्थेची ओळख पटवते, प्रश्न विचारणाऱ्याची नव्हे. एखाद्या शेतकऱ्याचा खातेक्रमांक शेजाऱ्याने टाकला आणि चॅटबॉटने त्याची थकबाकी सांगून टाकली, तर त्यात किल्लीचा दोष नाही. योजनेची माहिती, अर्जाची मुदत, कागदपत्रांची यादी हे कोणालाही सांगावे. परंतु खात्यातील रक्कम, रुग्णाचा अहवाल किंवा निवृत्तिवेतनाची स्थिती सांगण्यापूर्वी विचारणाऱ्याच्या नोंदलेल्या भ्रमणध्वनीवर एकवेळचा संकेतांक पाठवून ओळख पडताळली पाहिजे, आणि ती पडताळणी संस्थेच्या स्वतःच्या यंत्रणेने केली पाहिजे. हे काम चॅटबॉटवर सोपवू नये.