गिऱ्हाईकाने पाजलेला पेग

भात घरात आलं, पाऊसही एकदाचा गेला, आता जरा उसंत मिळाली असेल. चुलीवर काही असेल तर राहू दे, ढवळता ढवळता ऐका. आज आम्ही ज्या विषयावर बोलणार आहोत तो ऐकून काही जणी म्हणतील, बचत गटाच्या बायकांना बारच्या काउंटरमागच्या गोष्टी कशाला हव्यात? जुलैपर्यंत आम्हीही तेच म्हणत होतो.

जुलैच्या मासिक बैठकीत आमच्या एका काकींनी 25,000 रुपयांचं अंतर्गत कर्ज मागितलं. मुलगा गोव्यात, म्हापशाच्या पुढे एका बारमध्ये काउंटरला आहे. रोज दुपारी मोटारसायकलने जातो, रात्री बार बंद करून परत येतो. एका रात्री दीड वाजता पत्रादेवी ओलांडून बांद्याकडे येताना पावसात वळणावर गाडी घसरली आणि पायाचं हाड मोडलं. निम्मे पैसे इस्पितळाला, निम्मे गाडीला, असा काकींचा हिशेब होता.

आता तुम्हाला माहीत आहे, गटात कर्ज मागितलं की कारण विचारतातच. एकीने विचारलं, प्यायला होता का? काकी म्हणाल्या, "माझो झील भायर कधी घेणा नाय. कामार घेता तेवढीच."

खोलीत कोणी काही बोललं नाही. काकी खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या हिशेबात कामावर घेतलेली दारू ही दारूच नव्हती. डेअरीवरचा माणूस घोटभर दूध पितो, हलवाई तुकडाभर मिठाई तोंडात टाकतो, तसंच हेही त्यांना वाटत होतं. खरं सांगायचं तर आमच्यातल्या निम्म्या जणींनाही तसंच वाटत होतं. आपल्या भागातली किती मुलं सीमा ओलांडून गोव्यातल्या हॉटेलांत, बारमध्ये कामाला जातात हे आम्ही सांगायला नको. पगार घरात येतो, घराला पत्रे चढतात, आणि काउंटरच्या आत काय चालतं ते आपण विचारत नाही.

त्या बैठकीत भांडण झालं. आमच्यात एक वहिनी आहेत, त्यांनी माहेरी असताना आडव्या बाटलीसाठी दारोदार सह्या गोळा केल्या होत्या. गावातलं दुकान बंद व्हावं म्हणून महिला मतदारांनी मागणी केली की मतदान होतं, निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद, ते मतदान. त्या म्हणाल्या, दारूच्या धंद्यात पडून हाड मोडलं तर त्याला गटाचा पैसा नको. त्यांचा राग आम्हाला समजतो, त्यांच्या वडिलांचं काय झालं ते आम्हाला ठाऊक आहे. पण मुलाने काय करायचं? इथे काम नाही. आपल्याकडे काजूचे बोंडू झाडाखाली कुजतात, पलीकडे त्याच बोंडूची फेणी होते आणि 2009 पासून तिला भौगोलिक मानांकनही आहे. तो धंदा तिथे राजरोस आहे, कायद्याने आहे, त्यात काम करणारा कामगारच आहे. गवंडी पडला तर आपण सिमेंटवर राग काढत नाही.

शेवटी इस्पितळापुरते 12,000 रुपये दिले, गाडीचं पुढच्या वेळी बघू म्हणालो. पण तो प्रश्न मागे राहिला. विकणाऱ्याने कामावर असताना प्यावी का?

चतुर्थीला सगळी मुलं घरी आली. आरत्या झाल्यावर आम्ही सात-आठ जणांना ओट्यावर बसवलं, चहा दिला आणि विचारलं. आधी लाजले. आयांसमोर कोण बोलणार? मग एकाने तोंड उघडलं तसे सगळेच बोलू लागले.

आम्हाला वाटायचं, मुलं चोरून पितात. तसं फारसं नाही. चोरीला मालक लगेच पकडतो, बाटलीवर खुणा असतात, पेगाचं माप असतं, 30 मिलीचा स्मॉल आणि 60 मिलीचा लार्ज, रोज रात्री साठा मोजतात. पाजतं ते गिऱ्हाईक. दोन पेग पोटात गेले की गिऱ्हाईकाला काउंटरमागचा मुलगा सख्खा भाऊ वाटू लागतो. "तू पण एक घे, माझ्या बिलावर." हा आग्रह रात्री दहानंतर सुरू होतो. एक मुलगा म्हणाला, "गिराईकान दिलेलो पेग नको म्हटल्यार कसा चलात?" नको म्हटलं तर त्यांना अपमान वाटतो, टिप जाते, कधी आवाज चढतो. आणि मालक गप्प बसतो, कारण तो पेग बिलात लागतो. म्हणजे मुलाच्या पोटात जाणारी दारूही मालकाने विकलेलीच असते. हे आम्हाला कधी सुचलं नव्हतं. मालकाने पाजायची गरज नाही, त्याने फक्त बघत राहायचं.

याशिवाय दुकान बंद झाल्यावर एक-एक पेग मालकाकडून, दमले असाल म्हणून. आणि मग गाडीला किक.

एकाने युक्ती सांगितली. तो जिनऐवजी ग्लासात सोडा-लिंबू ओततो आणि चिअर्स करून पितो. दिसायला एकच. आम्ही हसलो. पण आमच्यातल्या सत्तरीच्या आजी हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "मगे पैशे खंय गेले?" गिऱ्हाईकाने जिनचे पैसे दिले, जिन बाटलीत राहिली, मग पैसे कोणाचे? मुलगा गडबडला. पिण्यापासून वाचायला खोटं बोलावं लागतं, हीही एक गोम आहे. दुसरा म्हणाला, मी सरळ सांगतो, साहेब, पेग नको, त्याचे पैसे टिपेत टाका. दहातले चार ऐकतात म्हणे.

चव घेण्याचा मुद्दाही निघाला. मुलं म्हणाली, चाखल्याशिवाय कॉकटेल कसं करणार? आता हा प्रश्न आम्हा बायकांच्या हातातला आहे. रोजची आमटी आपण तळहातावर थेंब घेऊन चाखतो. पण नैवेद्याचा स्वयंपाक न चाखता करतो ना? वीस माणसांचा असला तरी मीठ चुकत नाही, कारण माप हातात बसलेलं असतं. लिंबू कधी जास्त आंबट निघतं, तेव्हा थेंब चाखावा लागेल, ते मान्य. त्याची रीतही आहे: स्ट्रॉ पेयात बुडवायची, वरचं तोंड बोटाने दाबायचं, तेवढे दोन-चार थेंब जिभेवर सोडायचे. वाइनची पारख करणारे तर तोंडात घोळवून थुंकून टाकतात. चाखणं याला म्हणतात. कोणी आमटी चाखते म्हणून वाडगाभर पीत नाही.

मग आम्ही हिशेब मांडला. हप्त्यांचा हिशेब आम्हाला चांगला जमतो. आपल्याकडच्या व्हिस्की-रमच्या बाटलीवर बहुधा 42.8 टक्के लिहिलेलं असतं. म्हणजे 30 मिलीच्या एका पेगात साधारण 10 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. यकृत ते संपवतं तासाला साधारण 7 ते 10 ग्रॅम, म्हणजे एका पेगाला तास ते दीड तास. हा हप्ता वाढवून भरता येत नाही. लिंबू चोखा, काळी कॉफी प्या, डोक्यावर पाणी ओता, यकृत आपल्या चालीनेच चालतं. आता रात्री आठ ते साडेबारा गिऱ्हाइकांनी सहा पेग पाजले. दुकान बंद होताना दीड-दोन पेग तरी अंगात शिल्लक. त्यावर मालकाचा एक. आणि ही मुलं जेवतात रात्री एकला, म्हणजे सगळं रिकाम्या पोटी. काकींचा मुलगा शुद्धीत होता, नीट बोलत होता, पैसे मोजून गल्ला मालकाला दिला होता. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 प्रमाणे 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल असलं की तो गुन्हा. पहिल्या वेळी 10,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आणि अपघात विमा असला तरी दारूच्या अमलाखालचा अपघात त्यात साधारणपणे धरत नाहीत. हे ऐकल्यावर काकींनी पदर तोंडाला लावला.

दारूने कर्करोग होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 1988 सालीच सांगितलं आहे. ते एक वेगळं. पण काउंटरवरच्या मुलाचं काम नुसतं ओतायचं नसतं, थांबवायचंही असतं. समोरचा पोरगा वयात आहे का बघायचं. गोव्यात 18, आपल्या महाराष्ट्रात बिअरला 21 आणि कडक दारूला 25. कोणाला पुरे म्हणायचं, कोणाच्या हातातली गाडीची किल्ली मागायची, हे ठरवायला तिथे शुद्धीत असलेला निदान एक माणूस हवा. तो एक माणूसच गिऱ्हाइकाबरोबर चिअर्स करत असेल तर पुरे कोण म्हणणार?

मुलींचंही सांगायला हवं. आमच्या एका सभासदाची मुलगी पणजीला हॉटेल मॅनेजमेंट शिकली आणि आता काउंटरला आहे. आधी बऱ्याच जणींनी नाकं मुरडली. पूर्वी काही राज्यांत असं काम बायकांना बंदच होतं. पंजाबच्या जुन्या कायद्यातलं तसं कलम सर्वोच्च न्यायालयाने 2007 साली रद्द ठरवलं, ते दिल्लीलाही लागू होतं. मुंबईच्या शतभी बासू यांना तर देशातल्या पहिल्या महिला बारटेंडर म्हणतात, त्यांनी कितीतरी जणांना हे काम शिकवलं. आमची ही मुलगी पहिल्या दिवसापासून कामावर थेंब घेत नाही. आम्ही विचारलं, तुला कसं जमतं? ती म्हणाली, माझ्या हॉटेलात नियमच आहे, ड्युटीवर पिताना दिसलं तर काम गेलं. गिऱ्हाईक आग्रह करतं तेव्हा ती फक्त नियमाकडे बोट दाखवते. रागवायचं तर नियमावर रागवा.

फरक इथे आहे, असं आम्हाला वाटतं. कामावर पिऊ नये, यात आता आमच्यात दुमत नाही, आडव्या बाटलीच्या वहिनींपासून आजींपर्यंत. पण 22 वर्षांच्या पोराने रोज दहा गिऱ्हाइकांना एकट्याने नाही म्हणावं, हे सांगणं सोपं आहे. मालकाने एक पाटी लावली तर त्याचं निम्मं ओझं उतरतं. आणि मालक ती पाटी सहजी लावणार नाही, कारण प्रत्येक पेगाचं बिल होतं. म्हणून आयांनो, कामाला लावताना पगार, जेवण, राहायची सोय विचारता, तसं हेही विचारा. दुकान बंद झाल्यावर मुलं घरी कशी जातात, तेही विचारा.

गाडीच्या कर्जाचं सांगायचं राहिलं. सप्टेंबरच्या बैठकीत एकीने सुचवलं, मुलाने दारू सोडल्याचं लिहून द्यावं, मग पैसे. बरीच चर्चा झाली. आम्ही नाही म्हणालो. सभासद काकी आहेत, हप्ता त्या भरणार, मुलाच्या पिण्याची अट त्यांच्या गळ्यात कशाला? पैसे दिले. पण काकींनी स्वतःच गाडी दुरुस्त करून विकली. मुलगा आता तिथेच चौघांत खोली घेऊन राहतो, रविवारी बसने येतो.

दसऱ्यानंतर तो कामावर गेला आणि मालकाला म्हणाला, मी ड्युटीवर घेणार नाही. मालक हसला. गिऱ्हाईक नाराज झालं तर तू बघ, म्हणाला. तेव्हापासून कोणी पेग पुढे केला की तो पायाकडे बोट दाखवतो आणि सांगतो, डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत. चालतंय. गोळ्या खरं तर केव्हाच संपल्या.

परवा काकी हप्ता भरायला आल्या होत्या. पुस्तकात सही केली, पावती घडी करून पाकिटात ठेवली आणि म्हणाल्या, "ह्या औषध किती दिवस पुरात?"