युद्धातली जीप शूटिंगला देताना

दुसरं महायुद्ध दाखवताना आपल्याकडचे चित्रपटवाले सर्रास उंच बॉनेटची जीप उभी करतात. ते मॉडेल अमेरिकेतच 1953 साली निघालं! युद्धातल्या विलीज आणि फोर्ड जीपचं बॉनेट बसकं, पुढच्या जाळीला नऊ फटी, दिवे लहान. 1941 ते 1945 या काळात अशा सहा लाखांहून अधिक जीप तयार झाल्या. त्यातल्या काही लष्कराच्या लिलावांतून आपल्या लोकांकडे आल्या आणि आमच्यासारख्या हौशी मंडळींनी त्या चालत्या ठेवल्या. म्हणून माझं म्हणणं आहे, की शूटिंगसाठी कुणी मागायला आलं तर नाही म्हणू नये. 'फ्युरी' या 2014 च्या चित्रपटासाठी इंग्लंडमधल्या बॉव्हिंग्टनच्या संग्रहालयाने आपला खराखुरा टायगर रणगाडा दिला. 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन'मधले टायगर मात्र रशियन टी-34वर सांगाडा चढवून केलेले होते. जाणकाराला तो फरक लगेच कळतो.

पण जीपबरोबर तिचा माणूस गेलाच पाहिजे. एका सेटवर टायर पंक्चर झाला. मदतीला धावलेल्या मुलाने पाना लावला तो रिमच्या आठ नटांना. या जीपची रिम दोन भागांची असते आणि ते आठ नट दोन्ही भाग एकत्र धरून ठेवतात. टायरमध्ये हवा असताना ते सैल केले तर रिम उसळून माणसाच्या जिवावर बेतू शकतं. चाक काढायचं ते मधल्या पाच नटांनी, आणि डाव्या बाजूला त्यांचे आटे उलटे असतात. त्या मुलाला हे कुणी सांगितलेलंच नव्हतं.

धुरळा दिसावा म्हणून सेटवर बारीक माती उडवतात. ती एअर क्लीनरमधल्या तेलात जाऊन बसते, तेव्हा त्याच संध्याकाळी ते तेल बदलायचं. बॅटरी सहा व्होल्टची. प्रत्येक रीटेकला स्टार्टर मारला तर दुपारपर्यंत ती मान टाकते. पहिला गिअर गाडी पूर्ण थांबल्यावरच टाकायचा, हे कलाकाराकडून आधी घटवून घ्यावं. कॅमेऱ्यासाठी पत्र्याला भोक पाडू द्यायचं नाही, आणि रंग मारायचाच असेल तर पाण्याने धुऊन निघणारा.

कायद्याचंही बघा. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदवलेली गाडी व्यावसायिक कामासाठी रस्त्यावर चालवता येत नाही. सेटपर्यंत ती ट्रेलरवरूनच न्यावी, आणि ट्रेलरचा खर्च निर्मात्याने द्यावा.

जीपमालकांना माझी विनंती एवढीच: तोंडी शब्दावर गाडी देऊ नका. कोण चालवणार, किती वेळ चालवणार, मोडतोड झाली तर कोण भरून देणार, हे सगळं आधी कागदावर घ्या. आणि शूटिंगच्या दिवशी स्वतः हजर राहा.