‘नको’ म्हणण्याची सोय



ऑनलाइन विमानाचं तिकीट काढताना विमा नको असेल, तर कधी कधी एका वाक्यावर बोट टेकवावं लागतं : ‘मी असुरक्षितच राहीन.’ हे वाक्य सहज सुचलेलं नसतं. घाईतला माणूस काय वाचतो, अंगठा पडद्यावर कुठे पोचतो, कोणत्या शब्दानं मनात भीती येते, याचा कुणीतरी बारकाईनं अभ्यास केलेला असतो.

माणूस केंद्रस्थानी ठेवून आखणी करा, हे डिझाइनच्या विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षापासून शिकवलं जातं. शिकवण चांगलीच आहे. आजीला बँकेचं ॲप वापरता यावं म्हणून अक्षरं मोठी होतात, ती याच निरीक्षणातून. पण ‘नको’चं बटण फिकट करून कोपऱ्यात ढकलायचं, तर तेही याच ज्ञानातून साधतं. सावजसुद्धा शिकाऱ्याच्या नजरेच्या केंद्रस्थानीच असतं. म्हणून केंद्रस्थानी कोण, एवढं विचारून भागत नाही. कशासाठी, हेही विचारायला हवं.

ब्रिटनमधले डिझायनर हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० मध्ये अशा क्लृप्त्यांना ‘डार्क पॅटर्न’ असं नाव दिलं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं जून २०२३ मध्ये ॲमेझॉनवर दावा लावला. ‘प्राइम’चं सभासदत्व घेणं सोपं, पण सोडायचं तर चार पानं, सहा क्लिक आणि पंधरा पर्याय, असं त्यात म्हटलं होतं. कंपनीत या प्रक्रियेला ‘इलियड’ म्हणत, असंही दाव्यात नोंदवलेलं आहे. इलियड म्हणजे होमरचं, ट्रॉयच्या लांबलेल्या युद्धाचं महाकाव्य! मला सगळ्यात जास्त बोचतं ते हे नाव. वाट किती लांब आहे हे आखणाऱ्यांना ठाऊक असल्याशिवाय असं नाव सुचत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीनं आरोप मान्य न करता अडीच अब्ज डॉलरवर तडजोड केली. त्यातले दीड अब्ज ग्राहकांना परत द्यायचे ठरले.

आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा तेरा प्रकारांवर बंदी घातली. न विचारता खरेदीत देणगी घुसवणं, सभासदत्वात अडकवून ठेवणं हे त्यातलेच. सुरुवातीचं विम्याचं वाक्यही त्या नियमावलीतल्या एका उदाहरणातलं. हे नियम प्लॅटफॉर्म, विक्रेते आणि जाहिरातदार यांना लागू आहेत. पडदा आखणाऱ्या तरुणांचा उल्लेख त्यात नाही, तरीही ते यातून सुटत नाहीत, असं मी मानतो. नोकरी सांभाळायची असते, वरून दबाव असतो, हे खरंच आहे. पण ग्राहक कुठे फसेल हे सर्वांत आधी त्यांनाच दिसतं, म्हणून पहिला आक्षेपही त्यांनीच नोंदवायला हवा. आत यायला दोन क्लिक लागत असतील, तर बाहेर पडायलाही दोनच लागावेत, एवढा आग्रह तरी त्यांनी बैठकीत धरावा.

आणि श्रोतेहो, तुम्ही अशा जाळ्यात सापडलात तर गप्प बसू नका. त्या पडद्याचा स्क्रीनशॉट ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा.